डावखुरा नायक

“ती परत येते,” जयवंतराव म्हणाले आणि हसत हसत त्यांनी पोह्यांतली मिरची बोटाने बशीच्या कडेला सारली. “शेवटी येते की हो परत! पायावर डोकं ठेवते त्याच्या. मी स्वतः बघितलाय पिक्चर, कोल्हापुरात, बाल्कनीत बसून.”

 बैठकीत बसलेले जयवंतरावांचे मामा तात्या, जे समेट घडवायला म्हणून त्यांच्यासोबत आले होते, खोकल्यासारखे हसले. माझे वडील अण्णा जाजमाच्या कडेचा सुटलेला दोरा ओढत राहिले. आणि जिला न्यायला ही माणसे आली होती ती माझी मोठी बहीण शालन, आतल्या दाराच्या चौकटीला टेकून उभी होती; तिने माझ्याकडे पाहिले.

“पद्मा, तू सांग,” ती म्हणाली. “तू पुण्यात असतेस. तू पाहिलायस ना? ती परत येते का?”

मी काय उत्तर दिले ते सांगण्यापूर्वी त्या चित्रपटाविषयी बोलणे भाग आहे. त्याचे नाव सांगत नाही. ज्यांनी पाहिला त्यांना सांगण्याची गरज नाही आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यावर तो लादण्याचे पाप माझ्याकडे नको. चित्रपट सुंदर होता, हे आधी मान्य करते. जे नुसतेच कुरूप असते त्याच्यावर इतकी वर्षे रागावता येत नाही. नायिका गच्चीवर केस वाळवीत असते. शेजारच्या गच्चीवर नायकाचा पतंग कटतो आणि तो मांजा गुंडाळायचाही विसरतो. त्या प्रसंगात संवाद नाही, फक्त एक गाणे आहे, आणि त्या चालीची गोडी नाकारणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. पुढे बाजारात तिच्या चपलेचा अंगठा तुटतो. तो गुडघ्यावर बसून आपला रुमाल फाडतो, चिंधीने अंगठा बांधून देतो आणि तेवढा वेळ एकदाही मान वर करून तिच्याकडे पाहत नाही. पुढे वर्गात शृंगाररस शिकवताना कित्येक वर्षे माझ्या मनात हाच प्रसंग असे. उदाहरण मात्र मी प्रतिष्ठित संस्कृत नाटकातले देत असे.

याच नायकाला मध्यंतरानंतर संशय येतो. संशयाला कारण लागत नाही, पण पटकथेला लागते, म्हणून नायिकेचा एक मामेभाऊ आणून ठेवलेला आहे. भर समारंभात, पाहुण्यांच्या देखत, नायक तिच्या थोबाडीत मारतो. वाद्ये थांबतात. ती हातातल्या बांगड्या एकेक करून उतरवते, त्याच्या तळहातावर ठेवते, “अब नहीं” एवढेच म्हणते, घाटाच्या पायऱ्या उतरते आणि नावेत बसून नदीपलीकडे जाते.

इथे थांबला असता तर हिंदी चित्रपटाने एकदा तरी स्वतःच्या कथेचे ऐकले, असे म्हणता आले असते. पण एक रीळ शिल्लक राहते. त्यात नायक आजारी पडतो; नायिकेचे निर्दोषत्व सिद्ध होते; ती देवळात येते आणि क्षमा मागते. होय, ती मागते. कशाबद्दल, हे विचारायची सोय ठेवलेली नाही, कारण तेवढ्यात गच्चीवरचे गाणे पुन्हा सुरू होते. सर्वांत गोड चाल सर्वांत मोठ्या अपमानावर अंथरलेली आहे आणि प्रेक्षक डोळे पुसत, तृप्त होऊन बाहेर पडतो. कारागिरी म्हणून हे निर्दोष आहे. चांगला वैद्य कडू औषध मधात देतो. इथे विष दिले होते, एवढाच फरक.

आमच्या गावात मात्र ते शेवटचे रीळ कुणी पाहिलेच नव्हते. यात्रेला तंबूतला सिनेमा घेऊन येणारे बाबूशेठ दर वर्षी हाच चित्रपट दाखवीत. त्यांच्या जुन्या प्रतीचे शेवटचे रीळ कधीतरी यंत्रात अडकून दिव्याच्या धगीने जळाले होते. नाव पलीकडच्या काठाला लागली की ते काचेवर स्वतःच्या हाताने रंगवलेली ‘समाप्त’ ही पाटी दाखवीत आणि कंदील लावीत. तंबूच्या मधोमध पडदा असे. पुढच्या बाजूला पुरुष बसत, मागच्या बाजूला बायका. पडद्यावर पाणी मारून तो ओला केला की चित्र आरपार दिसे. आमच्या बाजूने अक्षरे उलटी दिसत, पण ती वाचणाऱ्या फारशा नव्हत्याच. पुढे पुण्यात मी हाच चित्रपट थिएटरात पाहिला, तेव्हा शेवटच्या रिळाने संतापून एका मासिकात लेखही लिहिला. तो लेख बहुधा संपादकांनी आणि मी, एवढ्या दोघांनीच वाचला असावा.

यात्रेतल्या त्या तंबूत, नाव पलीकडे लागली की पुरुषांच्या बाजूने शिट्ट्या येत. आमच्या बाजूला कुणी रडतही नसे. सगळ्या जणी थोडा वेळ तशाच बसून राहत. मग लुगड्याची माती झटकत एखादी म्हणे, “गेली बाई.” आणि सगळ्या उठत.

शालनचे लग्न साखर कारखान्यात नोकरी करणाऱ्या जयवंतरावांशी झाले. सासर फलटणला होते. पहिला मार नणंदेच्या मुलाच्या बारशात बसला, सगळ्या पाहुण्यांसमोर, कारण जयवंतरावांचा चुलतभाऊ काहीतरी विनोद बोलला आणि ती हसली. त्यानंतर पाहुण्यांची गरज उरली नाही. तिच्या डाव्या हाताचे एक बोट पिरगाळले गेले होते आणि वाकडेच जुळून आले होते. एका दुपारी ती एसटीने आली, हातात कापडी पिशवी. अण्णांनी तिला दोन घास खाऊ दिले आणि मग विचारले, “सांगून आलीस का?”

मला निरोप मिळाला तशी मी पुण्याहून आले. तिथे एका संशोधन संस्थेत मी एका जुन्या नाटकाच्या पोथ्या ताडून पाहण्याचे काम करीत होते. मूळ कवीचे कोणते आणि पुढच्या कुणा शहाण्याने घुसडलेले कोणते, हे वेगळे काढायचे. त्या वयात मला वाटे की पुरेसे आधार दिले की कोणताही माणूस पटतो. अण्णांसमोर मी कायदा मांडला, धर्मशास्त्रातली वचने मांडली, शेवटी ते वाकडे बोट मांडले.

अण्णा हायस्कुलाचे मुख्याध्यापक होते. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले.

“तुझं खरं आहे,” ते म्हणाले. “पण तुझं लग्न व्हायचंय.”

“हा युक्तिवाद झाला का, अण्णा?”

“नाही. ही भीती आहे. तिला तुझ्या पुस्तकांत उत्तर नसतं.”

म्हणजे ठरले होते. मंडळी येतील, चार शब्द बोलले जातील, पुन्हा हात उगारणार नाही असे तात्या जयवंतरावांकडून वदवून घेतील आणि संध्याकाळच्या गाडीने शालन जाईल. त्या सकाळी आई स्वयंपाकघरात पोहे भिजवत होती. तिच्या डोळ्यांना धार लागली होती आणि तोंड बंद होत नव्हते.

“जा बाई. पुरुषाची जात तापट असते. वय झालं की निवतात. आमचं तरी काय गोडीगुलाबीनं झालं?”

“पाठवलंत तर जाईन मी, आई,” शालन म्हणाली. ती कोथिंबीर निवडत होती. वाकडे बोट मध्ये येत होते म्हणून काड्या निसटत होत्या. “जीवबीव द्यायची नाही, भिऊ नको. पण मग यायचं नाही कुणी तिकडं. आलात तर ओळख देणार नाही मी. दारात उभे राहिलात तर विचारीन, कोण पाहिजे?”

“असं बोलू नये गं.”

“बोलत नाहीये. सांगतेय.”

मग तिने माझ्याकडे पाहिले. “तूसुद्धा नाही, पद्मा.”

तिचा आवाज चढला असता, ती रडली असती, तर मला आशा वाटली असती. ती कोथिंबीर निवडत होती. पिवळी पाने बाजूला, हिरवी ताटलीत. माणूस मनातून निघून गेल्यावर हातांना जे काम उरते ते ती करीत होती.

बैठक ठरल्यासारखीच चालली. चहा झाला, उसाच्या भावाची चौकशी झाली. जयवंतरावांनी “माझंही जरा चुकलंच” हे वाक्य पाठ केल्यासारखे म्हटले. तात्यांनी शेवटी रिवाज म्हणून विचारले, “पोरीच्या मनात काय हाय, ते एकदा ऐकूया.”

“मी जाणार नाही,” शालन दारातून म्हणाली.

“आगं, असं म्हणून चालतंय व्हय? भांड्याला भांडं लागायचंच. म्हणून कुठली बाई नवऱ्याला सोडून गेलीया? एक दाखव मला.”

“आमच्या गावातल्या सगळ्या बायकांनी एक पाहिलीय,” ती म्हणाली. “दर यात्रेला पाहतात. बांगड्या उतरवून दिल्या त्याच्या हातात आणि नावेत बसून गेली. परत आली नाही.”

त्यावर जयवंतराव हसले. आणि त्यांनी ते कोल्हापूरच्या बाल्कनीचे सांगितले. आणि शालनने मला विचारले.

मी तिच्याकडे पाहिले. चेहऱ्यावर विनवणी नव्हती. सकाळी कोथिंबीर निवडताना होती तीच ती नजर होती. मला एवढेच कळले की मी खरे सांगितले, तर पुढच्या वेळी फलटणच्या दारात माझी बहीण मला विचारील, कोण पाहिजे?

“नाही,” मी म्हणाले. “परत येत नाही.”

“अहो मेव्हणीबाई, मी डोळ्यांनी बघितलंय!”

“तुम्ही पाहिलंत ते मागाहून जोडलेलं आहे, दाजी.” माझा आवाज मलाच परका वाटला, संस्थेतल्या चर्चासत्रात निबंध वाचताना लागत असे तो. “मूळ चित्रपट नावेपाशी संपतो. पुढचं रीळ शहरातल्या थिएटरांसाठी नंतर घातलं. पोथ्यांतही असंच होतं. एखाद्याला शेवट सोसत नाही, मग तो आपल्या पदरचे चार श्लोक घुसडतो. आम्ही ते काढून टाकतो. माझं कामच ते आहे.”

तात्यांनी भुवई उचलली. “ते कशावरनं वळखायचं म्हंता?”

“खुणा असतात. दोन प्रतींमध्ये बारीकसारीक फरक पडतो.” मी जयवंतरावांकडे वळले. “दाजी, समारंभात तो तिला मारतो. कुठल्या हातानं?”

“कुठल्या म्हणजे? ह्या!”

आणि त्यांनी उजवा हात उगारला. दाखवण्यासाठीच उगारला, यात शंका नाही. पण तो वर जाताना मनगट ज्या सवयीने वळले, ती सवय चित्रपट पाहून येत नाही. आणि दारात, खोलीच्या दुसऱ्या टोकाला, त्यांच्या हातापासून इतक्या दूर, शालनची मान झटक्यात बाजूला वळली आणि खांदा गालापर्यंत वर आला.

पोह्यांच्या बशीवर माशी बसली होती. कुणी ती हाकलली नाही.

“डाव्या,” आतून आवाज आला.

आई होती. पुरुषांच्या बैठकीत ती आजवर कधी बोलली नव्हती. पदर सावरत ती शालनच्या मागे येऊन उभी राहिली. तिचे रडणे थांबले होते.

“डाव्या हातानं मारतो तो,” ती म्हणाली. “दर साली बघत आलोय आम्ही. खोटं कशाला सांगू?”

“पाहिलंत?” मी म्हणाले. “प्रत वेगळी आहे. आणि जुनी प्रत आमच्या गावची.”

जयवंतरावांनी हात खाली घेतला आणि कुठे ठेवावा ते न सुचून मांडीखाली घातला. “काय बायकांचा पोरखेळ चाललाय हा? अण्णा, तुम्ही शिकलेले, मास्तर माणूस. तुम्हीही बघितलाच असंल की यात्रेत. तुम्ही सांगा ह्यांना. कुठल्या हातानं?”

अण्णांनी तो चित्रपट दर वर्षी पाहिला होता, पुरुषांच्या बाजूला, शाळेच्या शिपायाने राखून ठेवलेल्या खुर्चीत बसून. माझ्या चुलतभावाला एका गुणासाठी नापास करून सख्ख्या भावाचा राग पत्करणारा हा माणूस. खोटे बोलणाऱ्या मुलांना ते मारीत नसत. नुसते पाहत, आणि मुले रडू लागत. आता ते शालनकडे पाहत होते. तिचा खांदा अजून पुरता खाली आला नव्हता.

“अण्णा?” जयवंतराव म्हणाले.

“डाव्या,” अण्णा म्हणाले.

जाजमाचा दोरा त्यांच्या बोटात तुटून आला होता. तो त्यांनी गुंडाळून खिशात ठेवला.

“आमच्यात तो डाव्याच हातानं मारतो,” ते म्हणाले. “आणि ती परत येत नाही.”

“मास्तर,” तात्या म्हणाले, “आवो, पिक्चरवरनं संसार मोडताय व्हय?”

“मोडलेलाच आहे, तात्या. तिनं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. आत्ता पाहिला.”

पुढचे सांगण्यासारखे नाही. अशा वेळी जे बोलले जाते तेच बोलले गेले. उंबऱ्यावर उभे राहून जयवंतराव ओरडले की, धाकटीला आता कोण करून घेतो ते बघतोच. अण्णा “बघा” म्हणाले आणि त्यांनी जयवंतरावांच्या चपला त्यांच्यापुढे सरळ करून ठेवल्या. तात्या शेवटी निघाले. अंगणात मी एकटी होते. टोपी झटकता झटकता ते माझ्याजवळ थांबले.

“तुमच्या यात्रंत बाया पडद्याच्या मागल्या अंगाला बसत्यात न्हवं?” त्यांनी हळूच विचारले.

मी अंगणातल्या मातीकडे पाहू लागले.

“माझी आईबी तिथंच बसायची. मी लहान असताना तिच्या मांडीवर.” त्यांनी टोपी डोक्यावर घातली. “मागनं बघितलं की हात बदलतोय, पोरी. मार तोच.”

आणि ते गेले. जयवंतरावांना त्यांनी हे कधीच सांगितले नाही, असे दिसते. कारण पुन्हा कुणी आमच्या दारात आले नाही.

मी खोटे बोलले याचा मला त्या दिवशी पश्चात्ताप झाला नाही, आजही होत नाही. पाठचिकित्सा म्हणून ते काम निकृष्ट होते, एवढेच. माझे लग्न झाले नाही. त्याचा संबंध अण्णा अखेरपर्यंत त्या सकाळीशी जोडत राहिले. मी जोडत नाही. शालनने अध्यापनाचा कोर्स केला आणि साताऱ्याजवळच्या शाळेत ती निवृत्त होईपर्यंत शिकवीत राहिली. तो चित्रपट ‘अभिजात’ ठरला. त्याच्या सुवर्णमहोत्सवी कौतुकाचे लेख आले. त्या लेखांत थपडेला ‘प्रेमातली उत्कटता’ असे नाव मिळालेले वाचून, आपल्या भाषेत किती शब्द कामाविना पडून असतात, याचे मला नवल वाटले.

एका रविवारी दुपारी मी शालनकडे गेले होते. ती मटार सोलत होती आणि टीव्ही चालू होता. गच्चीवरचे गाणे लागले तेव्हा मी ओळखले. उठून काहीतरी निमित्ताने टीव्ही बंद करावा, असे मनात आले, पण निमित्त सुचले नाही. चपलेचा अंगठा तुटला, रुमाल फाटला. मग समारंभ आला. नायकाने हात उगारला. उजवा. मी तिच्याकडे पाहिले. ती शेंग सोलत होती, पडद्याकडे पाहत.

नाव काठापासून सुटली.

“अक्का, बंद करू का?” मी विचारले.

“का?”

“नाही... पुढे काही विशेष नाही.”

“पुढं ती देवळात येते,” शालन म्हणाली. “त्याच्या पाया पडते. पाहिलंय मी.”

मी तिच्याकडे वळले. “कधी?”

“फलटणला असताना. शेजारच्या बायकांबरोबर दुपारच्या खेळाला गेले होते. तोवर रोज मनाला सांगायचे, आज नाही, पण एक दिवस जाऊ आपण, तिच्यासारखं. त्या आशेवर सोसत होते. आणि तिथं पाहते तर ती परत आलेली. पदर पसरून माफी मागते. माझ्या शेजारची बाई रडायला लागली, आनंदानं. आणि ते गाणं सुरू झालं.” तिने दाणे ताटलीत टाकले. “ते इतकं गोड लागलं, पद्मा, की मलासुद्धा रडू आलं. आनंदाचंच. तेव्हा मी भ्याले. त्याच्या माराला कधी भ्याले नव्हते इतकी. घरी येऊन पिशवी भरली.”

टीव्हीवर नायक अंथरुणाला खिळला होता.

“मग बैठकीत मला कशाला विचारलंस, ती परत येते का म्हणून?”

शालनने वाकड्या बोटाने पुढची शेंग उकलली. आता तिला त्या बोटाची सवय झाली होती. एकही दाणा निसटला नाही.

“तिचं काय होतं ते मला ठाऊक होतं,” ती म्हणाली. “तू काय सांगशील ते नव्हतं.”

देवळाची घंटा वाजली. नायिका पायऱ्या चढून आली, वाकली, आणि गच्चीवरचे गाणे सुरू झाले.

“चाल मात्र चांगली बांधलीय मेल्यानं,” शालन म्हणाली आणि तिने आवाज थोडा वाढवला.